नागपुरात सायकल मार्गांचं जाळं वाढवायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मेट्रो स्टेशनांपासून करा, तलावांपासून नको. फुटाळा-अंबाझरीकडे पहाटे हौशी सायकलवाले जातातच. पण सीताबर्डीला कामावर जाणारा माणूस घर ते स्टेशन या दोन-तीन किलोमीटरसाठी दुचाकी काढतो. ते तुकडे आधी जोडा. रोज सायकलने ऑफिसला जातो म्हणून सांगतो, नुसता पट्टा रंगवून भागत नाही. सकाळी नऊलाच त्यावर तर्री-पोह्याचा ठेला अन् गिऱ्हाइकांच्या गाड्या लागलेल्या असतात. रस्त्यापासून वेगळं करणारी उंच कड हवी, एकेरी मार्गाला निदान २ मीटर रुंदी हवी. त्यातही झाडं असलेले रस्ते आधी घ्या, सिव्हिल लाइन्ससारखे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उघड्या ट्रॅकवर दुपारी कुत्रंही फिरकत नाही.