गोळ्यांचं पाकीट आणि जावेचा डबा

«मावशी, सलाम. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याला फिट येते. गोळ्या सुरू होत्या आणि गेले आठ महिने फिट आली नव्हती. नाताळनंतर मी एका घरगुती प्रार्थना सभेला जाऊ लागले. तिथल्या ताई म्हणाल्या, हा आजार नव्हे, दुष्टात्मा आहे, आणि गोळ्या देणं म्हणजे अविश्वास. चार दिवस झाले, गोळ्या बंद केल्यात. त्यांना दर्शनात असंही दिसलं, की घरातल्याच एका बाईच्या मत्सरातून हे आलंय. ती माझी जाऊच असणार. मी तिच्याशी बोलणं टाकलं, तिनं पाठवलेला डबा तसाच परत केला. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. त्यात पतसंस्थेत मार्चअखेर, साहेब मागच्या तारखेच्या पावत्या करायला लावतात, घरी यायला आठ वाजतात. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते. सैतान माझ्या घराच्या मागे लागलाय का? मी कसं लढू?
— नगर जिल्ह्यातली एक भगिनी»

बाळा, सलाम.

पत्रात तुझा नंबर होता, म्हणून त्याच संध्याकाळी मी फोन केला आणि तू डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्यास. तरी इथे परत लिहिते, कारण आणखी कुणाच्या घरी असंच पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलेलं असेल. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या की फिट पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते, आणि त्यात मूल हातचं जाऊ शकतं. बंद करायच्याच असतील तर डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मध्ये खंड पडला तर पुन्हा कशा सुरू करायच्या, तेही त्यांनाच विचारायचं. फिट आलीच तर पोराला कुशीवर वळवायचं, जवळचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

आता त्या ताई. त्या बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय उघडून दाखवतील. फेफरेकरी मुलगा, येशू धमकावतो, भूत निघून जातं. वचन आहे, ते मी खोडणार नाही. पण त्याच मत्तयाच्या चौथ्या अध्यायातलं २४ वं वचनही त्यांना वाचायला सांग. लोकांनी येशूकडे कुणाकुणाला आणलं त्याची तिथे यादी आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे. म्हणजे त्या काळीसुद्धा प्रत्येक फेफरं भुताच्या नावावर घातलं जात नव्हतं. आणि अविश्वासाचं म्हणशील, तर मार्कानं त्याच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना त्या पोराच्या बापाचं बोलणं लिहून ठेवलंय: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. इतक्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर पोर बरं झालं. तुझ्या विश्वासाचं माप गोळ्यांच्या पाकिटानं घेणारी ही बाई कोण?

प्रेषित पौलाबरोबर हिंडणारा लूक वैद्य होता. आपला तरुण सोबती तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. ‘अविश्वासू आहेस’ म्हणून पत्र धाडलं नाही. आणि आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेला, मिशनरी डॉक्टर वानलेसनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, ते काही देवावर भरवसा नव्हता म्हणून नाही. मुलावर प्रार्थना जरूर करून घे. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलाव, तेल लावू दे. प्रार्थना झाली की पाण्याच्या घोटाबरोबर गोळी. आणि भूत काढायचं म्हणून कुणी पोराला बांधायला किंवा मारायला निघालं, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पुढे येशूचं नाव घेतलं म्हणून त्यात सूट मिळत नाही.

राहिला तुझा प्रश्न, लढू कसं. सैतान नाही असं मी म्हणणार नाही. गर्जणाऱ्या सिंहासारखा तो फिरतो, हे पेत्राचं वचन मी लहानपणी पाठ केलंय आणि अजून मानते. फक्त तू त्याला चुकीच्या दारात शोधतेयस.

सैतानाशी लढायला देवाची शस्त्रसामग्री धारण करा असं सांगणारा अध्याय, पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा, तुला तोंडपाठ असेल. ते पत्र ज्या गावाच्या नावाचं आहे ते गाव कसं होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांत १९ व्या अध्यायात बघ. इफिस म्हणजे जादूटोण्याचं गाव. तिथल्या विश्वासणाऱ्यांनी जादूची पुस्तकं आणून जाळली, तेव्हा त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी येशूच्या नावाचा मंत्र करून भूत काढायचा प्रयत्न केला आणि मार खाऊन उघडे पळाले. अशा गावाला पत्र लिहिताना पौलानं काय लिहावं? कुठल्या घरात कुठला आत्मा आहे, कुणाच्या मत्सरातून तो आला, यातलं एक अक्षर नाही. त्यानं लिहिलं नवराबायकोबद्दल, मुलांबद्दल, चाकर आणि धन्याबद्दल, आणि त्याला लागूनच शस्त्रसामग्री. आपण शस्त्रसामग्रीचं ते दहावं वचन तोडून भिंतीवर टांगतो. त्याच्या आधीचं स्वयंपाकघर आणि कचेरी कुणी टांगत नाही.

त्याच्याही मागे, त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, २५ पासून चार वचनं वाच. लबाडी सोडा, शेजाऱ्याशी खरं बोला. राग सूर्य मावळेपर्यंत ठेवू नका, सैतानाला वाव देऊ नका. चोरी करू नका. सैतानाचं नाव नेमकं लबाडी आणि चोरी यांच्या मधोमध, रागाशेजारी आलंय.

म्हणून मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात भारी वाक्य ते पावत्यांचं वाटतं, जे तू अर्ध्या ओळीत उरकलंस. थकीत कर्जाचा हप्ता मार्चच्या आत भरलाय असं दाखवायचं, हेच ना? हस्ताक्षर तुझं, सही तुझी. ऑडिटर आला की साहेब म्हणतील, मला काय माहीत. रात्री तीनला छाती धडधडते, त्याला एवढं कारण पुरेसं आहे. (तरी एकदा बीपी आणि थायरॉइड तपासून घे.) सामग्रीत पहिलं काय येतं? सत्याचा कमरबंद, तलवारीच्याही आधी.

मला ठाऊक आहे, नोकरी जाईल या भीतीनं पोटात गोळा येतो, आणि पोराचं औषधही त्याच पगारातून येतं. तेव्हा आधी नवऱ्याला सगळं सांग. तो ‘वेड लागलंय’ म्हणतो, कारण त्याला अर्धंच माहीत आहे. मग साहेबांना शांतपणे म्हण, “मागच्या तारखेची पावती करायची तर मला लेखी आदेश द्या.” बहुतेक साहेब लेखीवर गप्प होतात. नाही झाले, तर तारीख-वार लिहून ठेव, संचालकांपैकी कुणी बरा असेल त्याच्या कानावर घाल, पुढे सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय आहे. आतापर्यंत किती पावत्या केल्यास ते मी विचारत नाही. ते एखाद्या माहीतगार वकिलाला विचार, आणि देवाशी बोल.

राहिली जाऊ. दर्शनात ‘घरातली एक बाई’ दिसली म्हणे! कुठल्या घरात एक बाई नसते? आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही असं पौल म्हणतो, आणि तू तर थेट रक्तमांसाचा डबा परत पाठवलास. मी तुला हसत नाही. कपाटाच्या वाटणीवरून मी नणंदेशी चार वर्षं बोलले नव्हते. रोज सकाळी गुडघे टेकून ‘विरोधी शक्तीं’विरुद्ध प्रार्थना करायचे. त्या शक्तीला निळं पातळ आणि चष्मा होता. शेवटी तिच्या मुलीच्या साखरपुड्याला मी न बोलावता गेले, पोळ्या लाटायला बसले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी पिठानं माखलेल्या होतो. कपाटाचा निकाल आजही लागलेला नाही.

तू दर्शनाबद्दल जावेला चुकूनही सांगू नकोस. माफी मागायचा घाट घालू नकोस, ती बिचकेल. रविवारी उपासनेनंतर तुझ्या हातचं काहीतरी डब्यात घाल आणि तिच्या दारात जा. म्हणावं, “परवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.” एवढंच. त्या प्रार्थना सभेतून काही दिवस अंग काढ, पाळकसाहेबांना मात्र खरं काय घडलं ते सांग. बाकीच्या बायकाही तिथे लेकरं घेऊन जातात.

आणि हो, परत केलेल्या डब्यात काय होतं, ते तू लिहिलंच नाहीस. तिला विचार आणि मला कळव.

तुझी मावशी