‘हाय नून’ : बाराच्या गाडीआधी ठोठावलेली दारं

मागच्या अंकात ‘हाय नून’ या १९५२ सालच्या अमेरिकन चित्रपटाचा उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते.

*प्रश्न : तुमचं वाचून चित्रपट पाहिला. वेस्टर्न म्हणजे घोडे, पाठलाग, डोंगरदऱ्या. इथे नायक तासभर गावात पायी हिंडतो आणि लोकांची विनवणी करतो. शेवटची दहा मिनिटं सोडली तर काही घडतच नाही. याला थोर का म्हणायचं?*
*– एक वाचक, सातारा*

तुम्ही ‘विनवणी’ हा शब्द वापरलात. माझ्या मते चित्रपट त्या विनवणीचाच आहे. गोळीबार संपल्यावर मला फारसा आठवत नाही, पण एकेक दार आठवतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव, रविवारची सकाळ. मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, विल केन (गॅरी कूपर) याचं नुकतंच लग्न लागलंय. छातीवरचा तारा, म्हणजे मार्शलचा बिल्ला, उतरवून तो बायकोबरोबर गाव सोडणार आहे. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार. तेवढ्यात तार येते. ज्या फ्रँक मिलरला केनने पाच वर्षांपूर्वी पकडलं, ज्याला फाशी व्हायची होती, त्याची शिक्षा आधी जन्मठेपेवर आली आणि आता तो सुटला आहे. बाराच्या गाडीने तो येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. केन निघतो, वाटेतून परत फिरतो, तारा पुन्हा लावतो आणि माणसं गोळा करायला बाहेर पडतो.

मिलरला शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश सगळ्यांत आधी पळतो. भिंतीवरचा झेंडा काढून घडी करतो, न्यायाचा तराजू आणि कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत भरतो, आणि हे करता करता केनला अथेन्सचा इतिहास सांगतो. हर्ब बेकर नावाचा गडी उत्साहाने तयार होतो. नंतर येऊन बघतो तर आपण एकटेच आहोत! त्याला बायकापोरं आहेत, तो निघून जातो. केन ज्याला गुरू मानत आला तो म्हातारा मार्शल संधिवाताने वाकडी झालेली बोटं दाखवतो आणि म्हणतो, हे सगळं व्यर्थ आहे. केनचा मित्र सॅम फुलर आत लपतो आणि ‘घरी नाहीत’ हे सांगायला बायकोला दारात पाठवतो. या दाराकडे शेवटी परत येणार आहे.

चर्चमधला प्रसंग मात्र सावकाश पाहा. केन दारात उभा राहून माणसं मागतो. काहीजण उठतात. लगेच कुणीतरी म्हणतं, थांबा, आधी बोलून घेऊ. मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. मग चर्चा सुरू होते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडंफार तथ्य असतं. आम्ही मार्शलला पगार देतो, मग हे आमचं काम कसं? ज्यांनी मिलरला सोडलं ते उत्तरेकडचे राजकारणी, त्यांचा दोष आम्ही का निस्तरायचा? शेवटी गावचा मेयर उठतो. तो केनचा जुना मित्र. केन किती चांगला माणूस आहे, त्याने गाव राहण्याजोगं कसं केलं, हे तो इतक्या मनापासून सांगतो की आपल्यालाही वाटतं, झालं, आता गाव उठणार. त्याच सुरात तो पुढे सांगतो की उत्तरेकडचे लोक इथे दुकानं आणि कारखाने काढायच्या विचारात आहेत, रस्त्यावर रक्त सांडल्याचं वर्तमानपत्रात आलं तर पैसा येणार नाही, तेव्हा केनने गाव सोडावं हेच बरं. स्तुती नकारात कुठल्या वाक्याला बदलली, ते मला अजूनही बोट ठेवून दाखवता येत नाही. थॉमस मिचेलने हे भाषण केलंय. तो खलनायक नाही आणि लबाडही नाही, म्हणूनच ऐकताना अंगावर काटा येतो.

आणि ‘हो’ कोण म्हणतं? एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा मुलगा. दोघांनाही केन मायेने परत पाठवतो. तुम्हाला काही घडलं नाही असं वाटलं, पण त्या तासाभरात एक अख्खं गाव माणसामागून माणूस निसटून जातं. आणखी एकदा पाहा.

*प्रश्न : पडद्यावरचा वेळ आणि कथेतला वेळ खरोखर एकच आहे का? मी घड्याळ लावून पाहिलं, थोडा फरक पडला.*
*– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे*

फरक आहे. चित्रपट ८५ मिनिटांचा आणि गोष्ट साडेदहाच्या पुढे सुरू होऊन सव्वाबाराच्या आसपास संपते. मी पस्तीस वर्षं संकलन केलं, म्हणून सांगते, मिनिटाला मिनिट जुळवणं अवघड नसतं. अवघड असतं ते प्रेक्षकाच्या पोटात वेळ उतरवणं. इथे जवळजवळ प्रत्येक खोलीत घड्याळ आहे. बोलता बोलता माणसाची नजर तिकडे जाते आणि तिच्यामागे आपली.

दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांनी तीन गोष्टी हाताशी धरल्या : क्षितिजापर्यंत गेलेले, न हलणारे रूळ, सतत चालणारा काळ्या कपड्यांतला माणूस, आणि घड्याळ. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आभाळ गडद करणारे फिल्टर वापरले नाहीत. अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळच्या जुन्या फोटोंसारखं पांढरंफटक आभाळ त्यांना हवं होतं. त्या उजेडात कूपरच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपत नाही. कूपर तेव्हा पन्नाशीचे होते, अल्सरने आणि कंबरेच्या दुखण्याने बेजार. ते दुखणं चेहऱ्यावर दिसतं, आणि ते झाकलेलं नाही.

आता बारा वाजायच्या आधीचा तुकडा. संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तो आवाज बंद करून एकदा आणि आवाजासकट एकदा दाखवत असे. केन मृत्युपत्र लिहितोय. लंबक, रूळ, चर्चमधली माणसं, गुत्त्यातली माणसं, म्हातारा मार्शल, केनची बायको, त्याची जुनी प्रेयसी, आणि ती रिकामी खुर्ची, जिच्यात बसून मिलरने शिक्षा ऐकली आणि परत येऊन मारीन म्हणून धमकावलं. संगीतकार टियॉमकिनच्या संगीताच्या ठोक्याला कट पडतो, चेहरे जवळजवळ येत जातात, आणि अचानक आगगाडीची शिट्टी. संकलनाचं ऑस्कर एल्मो विल्यम्स आणि हॅरी गर्स्टॅड यांना मिळालं. एकूण चार मिळाली : अभिनय, संकलन, पार्श्वसंगीत आणि गाणं.

शिट्टीनंतर गाडी समोरून काळा धूर सोडत येते, तो शॉट जपून पाहा. झिनेमन आणि क्रॉस्बी कॅमेरा घेऊन रुळांवर आडवे पडले होते. काळा धूर म्हणजे ब्रेक लागत नसल्याची खूण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघे कसेबसे बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला, आतली फिल्म वाचली. तीच आपण पाहतो.

*प्रश्न : हा चित्रपट कम्युनिस्टांचा होता असं वाचलं. मार्शलच्या गोष्टीत राजकारण कुठून आलं?*
*– निवृत्त शिक्षक, नागपूर*

पटकथाकार कार्ल फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते. कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली ती सप्टेंबर १९५१ मध्ये, याच चित्रपटाचं शूटिंग चालू असताना. जुन्या सोबत्यांची नावं सांगा, असा समितीचा आग्रह असे. फोरमननी नावं दिली नाहीत. त्या काळात ओळखीची माणसं त्यांना टाळू लागली, आणि ती जे बोलली त्यातलं बरंचसं त्यांनी पटकथेत उतरवलं. म्हणून ती चर्चमधली वाक्यं इतकी खरी वाटतात. पुढे निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्याशी फाटलं, हॉलिवूडमध्ये काम मिळेना, आणि फोरमन इंग्लंडला गेले. कूपर स्वतः उजव्या विचारांचे होते, १९४७ मध्ये त्याच समितीपुढे राजीखुशीने साक्ष देऊन आलेले. तरीही ते फोरमनच्या पाठीशी राहिले. कूपरबद्दलचा माझा आदर त्यामुळे वाढला.

वेस्टर्नचा नट जॉन वेन याला हा चित्रपट अमेरिकाविरोधी वाटला. गावभर मदत मागत फिरणारा मार्शल त्याला आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला इतका खटकला, की त्यांनी १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ हे उत्तर दिलं. मी दोन्ही चित्रपट मन लावून पाहिलेत. या वादात मी केनच्या बाजूची आहे. मदत मागणं हे भित्रेपण असेल, तर गाव या शब्दाला अर्थच उरत नाही.

आणि पोलंडमध्ये ४ जून १९८९ ला निवडणूक झाली, तेव्हा कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटीच्या पोस्टरवर कोण होतं? चालत येणारा गॅरी कूपर. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर ताऱ्याच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला.

*प्रश्न : केनची बायको अहिंसा मानणारी दाखवली आहे. शेवटी ती माणसाला पाठीमागून गोळी घालते. हा तिच्या श्रद्धेचा पराभव नाही का? आमच्या वाचनमंडळात यावर खूप वाद झाला.*
*– एक वाचक, डोंबिवली*

ग्रेस केली या भूमिकेच्या वेळी एकवीस वर्षांची होती. एमी क्वेकर पंथाची आहे, पण जन्माने नाही. तिचे वडील आणि एकोणीस वर्षांचा भाऊ गोळ्यांना बळी पडले. ते न्यायाच्या बाजूने होते, पण गोळीबार सुरू झाल्यावर त्याचा उपयोग झाला नाही, असं ती सांगते. भावाला तिने मरताना पाहिलंय. तिची अहिंसा त्या मरणातून आली आहे.

हे ती कुणाला सांगते? हेलन रामिरेझला. ही मेक्सिकन बाई आधी मिलरची, मग केनची होती. गावाने तिच्याशी व्यवहार केला, मान दिला नाही. केटी हुराडोने ही हेलन अशी उभी केली आहे की ती खोलीत असेपर्यंत दुसरीकडे बघवत नाही. केन तिला सावध करायला येतो, तेव्हा दोघं दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलतात : एक वर्ष झालं तुला पाहून, हो, माहीत आहे. एका जुन्या प्रेमाला चित्रपटाने एवढीच जागा दिली आहे आणि ती पुरते. हेलन एमीला सांगते, केन माझा माणूस असता तर मी अशी निघून गेले नसते, बंदूक घेऊन लढले असते.

दोघी एकाच घोडागाडीतून स्टेशनला जातात, रस्त्यात उभ्या असलेल्या केनला ओलांडून. त्यानंतर कॅमेरा वर, आणखी वर जातो आणि रिकाम्या गावात तो एकटा दिसतो. पहिली गोळी ऐकताच एमी आगगाडीतून उतरून धावते. गोळी झाडल्यावर तिची मान खाली जाते. त्या खाली गेलेल्या मानेत तिची श्रद्धा शाबूत आहे, असं मला वाटतं. आपण काय केलं आणि त्याची काय किंमत आहे, हे तिच्याइतकं त्या गावात कुणालाच कळलेलं नाही. वाचनमंडळाला माझा नमस्कार सांगा. वाद चालू ठेवा.

*प्रश्न : सुरुवातीला गाण्यावर जो एकटा माणूस वाट बघत बसलेला दिसतो, तो ली व्हॅन क्लीफ का?*
*– एक वाचक, मडगाव*

हो, तोच. पुढे इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या चित्रपटांतून जगाला माहीत झालेला. इथे त्याला संपूर्ण चित्रपटात एकही संवाद नाही.

*प्रश्न : माझे वडील पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना चित्रपट आवडला, पण केन शेवटी तारा धुळीत टाकतो त्यावर ते नाराज झाले. खात्याची खूण अशी टाकायची नसते, म्हणाले. तुम्हाला काय वाटतं?*
*– एक वाचक, कोल्हापूर*

तुमच्या वडिलांच्या नाराजीचा मी मान ठेवते. मीही फौजदाराची मुलगी आहे.

केन तारा भिरकावत नाही. सगळं संपल्यावर दारं उघडतात, माणसं गोळा होतात. तो एकेका चेहऱ्याकडे बघतो, एक अक्षर बोलत नाही. तारा काढतो, खाली टाकतो आणि बायकोला गाडीत बसवून निघून जातो. सकाळी त्याने तो रीतसर उतरवला होता. परत लावला तो स्वतःच्या मर्जीने, ज्यांच्यासाठी लावला ते कुणी आले नाहीत. मला तरी तो अपमान खात्याचा वाटत नाही.

आमचे अण्णा तालुक्याच्या गावांत फिरतीवर असत. पंचनाम्याला पंच लागतात, आणि गुन्हा गावातल्या दांडग्या माणसाचा असला की पंच मिळत नसत. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर होते. तिसऱ्या की चौथ्या घरी एक बाई डोक्यावर पदर सावरत दारात आली, म्हणाली, घरात नाहीत. आतून खोकला ऐकू येत होता. अण्णा म्हणाले, “बरं वहिनी, आले की सांगा,” आणि वळले. मी जीपमध्ये म्हटलं, अण्णा, ते तर आतच होते. अण्णा म्हणाले, “तिला कशाला खोटं पाडायचं?”

१९९१ मध्ये मी त्यांना व्हीसीआरवर ‘हाय नून’ दाखवला. तारा पडला तेव्हा ते एवढंच म्हणाले की मी पट्टा-टोपी जमा करून पावती घेतली होती. मग थोड्या वेळाने म्हणाले, ते दार परत लाव.

मला कळलं कुठलं दार. मिसेस फुलर दारात उभी आहे. केन विचारतो, सॅम आहे का? ती म्हणते, चर्चला गेलेत. तुला सोडून? मी कपडे बदलून मागाहून जाणार आहे. केनला कळतं. तो तिचे आभार मानतो आणि निघतो. आत सॅम बायकोवरच उखडतो, तुला विधवा व्हायचंय का म्हणून विचारतो.

अण्णांनी तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी बाईचा चेहरा आला तेव्हा म्हणाले, इथे थांबव.