घरात पिस्तूल ठेवल्याने माणूस खरंच सुरक्षित होतो का?

तुम्ही लिहिलंय की गावाबाहेर बंगला बांधलाय, आसपास दोन घरफोड्या झाल्या, घरात बायको आणि बारावीतला मुलगा आहे, तेव्हा पिस्तुलाचा परवाना काढावा का. माझं उत्तर: काढू नका. मी काही अहिंसावादी वगैरे नाही. बंदुकीच्या घरात वाढलोय, म्हणून सांगतोय.

आमचं घर सिंधुदुर्गातलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात याचं कुणाला अप्रूप नाही. डुकरं एका रात्रीत भात लोळवून जातात, माकडं नारळ ठेवत नाहीत. ती माजघरात खुंटीला टांगलेली असायची आणि आजी शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, "ती बंदूक पोरांच्या डोक्यार कित्याक टांगल्यात?"

त्या बंदुकीने घर किती राखलं? एकदा चोर आले आणि पडवीतले दोन तांब्याचे हंडे घेऊन गेले. आजोबा आत घोरत होते, बंदूक खुंटीला. चोरांसाठी तिचा झालेला उपयोग एवढाच.

घरच्यांसाठी मात्र ती एकदा खाली आली. शिमग्याचे दिवस, धाकटा काका पिऊन आलेला, बांधावरून मोठ्या काकांशी जुनाच वाद. बोलता बोलता तो माजघरात घुसला आणि बंदूक काढून ओसरीवर आला. पण ठासणीच्या बंदुकीत आधी बंदुकीची दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, मग केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, लावायची. केपांची डबी आजीने तांदळाच्या डब्यात दडवलेली. तो डबी शोधत भांडी आपटत राहिला, तेवढ्यात शेजारचे दोघं आले आणि त्याला धरून विहिरीवर नेला. सकाळी तोच काका मोठ्याच्या समोर बसून चहा पीत होता. दोघांच्या मधे ती चार-पाच मिनिटं होती म्हणून.

तुम्ही घेणार आहात त्या पिस्तुलात ती मिनिटं नाहीत. २२ एप्रिल २००६ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. भाजप नेते प्रमोद महाजनांना वरळीच्या घरात सख्ख्या भावाने गोळ्या घातल्या, तेही परवान्याच्या पिस्तुलातून. अकरा दिवसांनी ते गेले. आणि अगदी अलीकडचं, १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदा प्रवासाला निघताना त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्याच पायात घुसली. दोन्हीकडे चोर-दरोडेखोर कुणी नव्हता.

दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही हे कबूल. म्हणून अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण तिथे बंदुका घरोघरी आहेत आणि मोजदादही आहे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पावणेदोन कोटी प्रौढांची बारा वर्षांची नोंद तपासली. निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. स्वतः बंदूक न बाळगणाऱ्या, पण बंदूकवाल्याबरोबर एका घरात राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं तर सुमारे सातपट, आणि त्यात बहुतेक बायका. अनोळखी माणसाने घरात घुसून मारण्याचा धोका मात्र बंदुकीमुळे घटलेला दिसला नाही. आता कुणी म्हणेल, मुळात धोक्यात असलेली माणसंच बंदूक घेतात. थोडं तसं असेलही. पण संरक्षण म्हणून जे विकत घेतलं, त्याचं संरक्षण आकड्यांत कुठेतरी दिसायला हवं ना?

त्याहून मोठा भाग आत्महत्येचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये गोळीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये एक साधा नियम केला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना सैनिकांनी बंदुका तळावरच ठेवायच्या. तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. पोरं तीच, त्यांची दुःखंही तीच. फक्त त्या वाईट तासाला हाताशी बंदूक नव्हती. आजीची तांदळाच्या डब्यातली डबी मला इथे आठवते. तुमचा मुलगा बारावीला आहे, निकालाचे दिवस कसे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

"कुलपात ठेवीन" म्हणाल. ठेवायलाच हवं. पण मग रात्री दोनला दार फोडून चोर आत आल्यावर तुम्ही किल्ली शोधणार, कपाट उघडणार, गोळ्या भरणार, आणि अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा हे ओळखणार. उशीखाली ठेवलंत तर ते तुमच्याइतकंच घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी आहे. या पेचातून सुटका मला आजवर कुणी सांगितलेली नाही.

कुणालाच परवाना नको असं मी म्हणत नाही. डुकरांपायी पीक जाणाऱ्या शेतकऱ्याला बंदूक लागते, तिचं काम ठरलेलं असतं. (निवडणूक लागली की तीही ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, आणि नेमका काजूचा हंगाम असतो, ते रडगाणं वेगळं.) तुमचं काम घरफोडी टाळण्याचं आहे, आणि चोर बहुधा घर बंद असतानाच फोडतो. तेव्हा तुमचं पिस्तूल एकतर तुमच्याबरोबर बाहेर असेल, नाहीतर त्याच्या पोत्यात.

त्याच पैशात आवाराला चांगले दिवे लावा, मागच्या दाराला आतून जाड आडणा बसवा आणि गावठी कुत्र्याचं एक पिल्लू आणा. ११२ नंबर मुलाच्या आणि बायकोच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. कुत्रं मात्र भुंकणारं बघून घ्या, आमचं एक चोरांनाही शेपूट हलवायचं.