वाचकांचे प्रश्न : गेजचा काटा खाली म्हणजे गॅस कमीच का?

प्रश्न : माझ्या आर-22 गॅसच्या स्प्लिट एसीत दोन वर्षांत तीनदा गॅस भरला. दर वेळी मेकॅनिक गेज (दाबमापक) लावतो, काटा 57 पीएसआयवर (दाबाचं एकक) दाखवतो आणि ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो. महिना-दोन महिन्यांत कूलिंग पुन्हा उतरतं. गॅस एवढा संपतो कसा?

उत्तर : गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. शिवाय तुमच्या बाबतीत गॅस खरोखर कमी होता का, हेच अजून ठरलेलं नाही.

57 पीएसआय म्हणजे आतला आर-22 साधारण 0 अंश सेल्सिअसला उकळतोय. काटा एवढंच सांगतो. चांगल्या चालणाऱ्या एसीत हा आकडा बहुधा 65 ते 75 च्या आसपास असतो, म्हणजे दाब कमी आहे हे खरं. का कमी आहे, ते जाड नळी सांगते. एसी पंधरा मिनिटं सलग चालू द्या. मग आउटडोअरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ जाड नळीला तापमापकाचा प्रोब घट्ट बांधा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर बाहेरच्या हवेचंच तापमान मिळेल.

नळी 2-3 अंशांवर असेल, तर सुपरहीट (नळीचं तापमान वजा गॅसचं उकळण्याचं तापमान) जेमतेम 2-3 अंश. गॅस पुरेसा आहे, पण घरातल्या युनिटच्या कॉइलला हवा मिळत नाही : फिल्टर तुंबलाय, ब्लोअरच्या पात्यांत मळ बसलाय किंवा पंख्याचा वेग पडलाय. अशा एसीत बर्फ जाड नळीवरून थेट व्हॉल्व्हपर्यंत येऊ शकतो. इथे गॅस वाढवला तर द्रवरूप गॅस कंप्रेसरमध्ये शिरून त्याचे व्हॉल्व्ह तोडू शकतो. म्हणून गेज बाहेर काढण्याआधी फिल्टर आणि ब्लोअर धुवा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

नळी 15-18 अंशांवर असेल तर सुपरहीट भरपूर, म्हणजे कॉइलला गॅस अपुरा मिळतोय. मग शक्यता दोन : गळती, नाहीतर कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी) किंवा ड्रायर (ओल आणि कचरा अडवणारी गाळणी) चोक. ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहा. बाहेर पडणारं टोक स्पष्टपणे थंड लागलं, तर ड्रायर तुंबलाय. तसं नसेल तर फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट) आणि कॉइलची वळणं बघा. धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर तिथे साबणाचा फेस लावा. गॅससोबत तेलही झिरपतं, म्हणून हा डाग सहसा खोटं बोलत नाही.

डाग नसेल, तर उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्या आणि रेग्युलेटर लावून, एसीच्या माहिती-पाटीवरच्या दाबाच्या मर्यादेत कोरडा नायट्रोजन भरा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. गळती बुजवून ड्रायर बदला आणि 500 मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) व्हॅक्यूम ओढा. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं मीटर पाहा. आकडा चढून मध्येच स्थिरावला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती बाकी आहे. स्थिर राहिला, तर पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर तोलून भरा.

प्रश्न : फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा फ्रीझर थंड, पण खालचा कप्पा कोमट. थर्मोस्टॅट बदलूनही फरक नाही.

उत्तर : फ्रिज बंद करून दारं 24 तास उघडी ठेवा. त्यानंतर काही दिवस नीट चालून तक्रार परत आली, तर दोष डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. मागचं पॅनेल उघडा. पूर्ण कॉइल बर्फात गाडली असेल तर हीटर, बायमेटल (तापमानानुसार जोडणारा-तोडणारा स्विच), थर्मल फ्यूज आणि टायमर किंवा बोर्ड तपासा. बर्फ कॉइलच्या सुरुवातीलाच असेल आणि पुढचा भाग कोरडा, तर मात्र गॅस कमी आहे. 230 व्होल्ट, 150 वॉटचा हीटर सुमारे 350 ओहम दाखवतो. बायमेटल थंडीतच जोडतं. टेबलावर ठेवून मोजलं की ते ‘उघडं’ दिसतं आणि चांगला भाग कचऱ्यात जातो. बर्फात गार करूनच मोजा. कॉइल स्वच्छ असेल तर थंड हवा खाली ढकलणारा पंखा पाहा.

प्रश्न : एसीचा कंप्रेसर घुमतो आणि काही सेकंदांत ट्रिप होतो. कंप्रेसर गेला का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. वीज तोडा, कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मायक्रोफॅरड मोजा. छापील आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. मग वायर काढून कंप्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन टर्मिनलमधला रोध मोजा : रन-स्टार्ट हे रीडिंग कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट यांच्या बेरजेइतकं हवं, जसं 2, 4 आणि 6 ओहम. बॉडीशी जोड अजिबात नको. सगळं बरोबर असेल, तर सुरू होण्याच्या क्षणी टर्मिनलवरचं व्होल्टेज पाहा. सैल जोडणीमुळे ते तेवढ्यापुरतं कोसळतं. बंद केल्यावर किमान तीन मिनिटं थांबूनच पुन्हा सुरू करा. दोन्ही बाजूंचा दाब समान होण्याआधी चांगला कंप्रेसरही असाच घुमतो.