बेला, एडवर्ड आणि काळजीचे कारण

“मुलगी सारखी त्या रक्तपिपासू नायकाच्या प्रेमकथा वाचत असते. प्रेम म्हणजे हेच, असे तिच्या मनात पक्के बसेल का?” हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात. त्यांतील एका आईची आणि तिच्या दहावीतील मुलीची हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे देत आहे.

पुस्तके होती स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील. पहिली कादंबरी २००५ साली आली. अमेरिकेतील फोर्क्स या पावसाळी गावात आलेली सतरा वर्षांची बेला आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता रक्तपिपासू (व्हॅम्पायर) झालेला एडवर्ड यांची ही कथा. नायिका सतत धडपडते, वाचवली जाते आणि नायकाभोवतीच जगते, हा स्त्रीवादी आक्षेप आईंनी वाचला होता व तो निराधार नाही. बेला झोपलेली असताना एडवर्ड तिला न विचारता खोलीत येऊन बसतो. दुसऱ्या भागात तो सोडून गेल्यावर तिचे चार महिने कोऱ्या पानांवर नुसती महिन्यांची नावे छापून दाखवले आहेत, आणि पुढे त्याचा आवाज कानी पडावा म्हणून ती जिवावर बेतणारी धाडसे करते.

मुलीशी मी एकटीशी बोलले, तेव्हा तिने नायिकेची बाजू तयारीनिशी मांडली. “मॅडम, सगळं बेलाच ठरवते. तो नको म्हणतो तेव्हाही ती हटत नाही, आणि शेवटी तिच्याच शक्तीमुळे सगळे वाचतात.” हे खरे आहे आणि टीकाकार ते अनेकदा सोडून देतात. बेलाला इच्छा आहे, हट्टही आहे. स्वतः मायर यांनी २०१५ मध्ये मुलगा माणूस आणि मुलगी रक्तपिपासू अशी अदलाबदल करून तीच कथा पुन्हा लिहिली. बेला अबला आहे या आक्षेपाला ते त्यांचे उत्तर होते. मला ते अर्धेच उत्तर वाटते, कारण भूमिका बदलल्या तरी एकाने दुसऱ्यावर पाळत ठेवणे कथेत प्रेमच ठरते.

म्हणून मी तिसऱ्या भागातील एकच प्रसंग घेतला. बेलाने मित्राकडे, जेकबकडे, जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातील एक भाग काढून ठेवतो, आणि स्वतः शिकारीला जाताना तिला घरात अडकवून ठेवण्याच्या बदल्यात बहिणीला महागडी मोटार देतो. पुढे तो हा हट्ट सोडतो, हे मुलीने लगेच सांगितले. मी विचारले, क्लासमधल्या मुलाने तुझ्या सायकलची हवा काढून ठेवली तर? “ब्लॉक करीन.” आणि तुझ्या काळजीपोटी केले, असे तो म्हणाला तर? या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली, आणि मग म्हणाली, “आईसुद्धा माझा फोन काळजीपोटीच बघते. मी झोपल्यावर.”

आई आणि प्रियकर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. अल्पवयीन मुलीची जबाबदारी आईवर असतेच. परंतु काळजीच्या नावाखाली गुपचूप केलेली तपासणी घरातच रुळली, तर उद्या बाहेरच्या कोणी तेच केल्यावर मुलीला त्यात वावगे दिसण्याची शक्यता कमी होते, आणि माझ्या मते कादंबरीपेक्षा याचा परिणाम मोठा असतो. मुलीच्या संमतीने मी हे आईंना सांगितले. पुस्तके काढून घेण्याचा विचार त्यांनी सोडला. फोन पाहायचा असेल तर मुलीसमोर, आधी सांगून, आणि कशासाठी ते स्पष्ट करून, असे दोघींनी ठरवले. मैत्रिणी तुटू लागणे, कोठेही जाण्याआधी एखाद्या मुलाची परवानगी घेणे, त्याच्या रागाच्या भीतीने कपडे बदलणे, यांपैकी काही दिसले तर मात्र वाट न पाहता भेटीला यावे, असे मी आईंना सांगून ठेवले आहे. तूर्त आईंनी मालिकेचा तिसरा भाग वाचायला घेतला आहे, आणि जेकबच्या बाजूने त्या मुलीशी वाद घालतात.