टपरीमागची सात मिनिटं

सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र चारदा वाचलं. "काका, सिगारेट सोडली तर मी ऑफिसात टिकेन का?" हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. घरचे सोड म्हणतात, डॉक्टर सोड म्हणतात, पण हा प्रश्न कुणी पुरता ऐकूनच घेत नाही, असं तू लिहिलंस. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. टिकशील. फक्त सिगारेट तुझी जी कामं करते ती आधी दुसऱ्या कशावर तरी सोपवायची आणि मग तिला निरोप द्यायचा. मी हा क्रम उलटा केला होता, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तुझ्यात काही खोट आहे असं माझ्या मनातही नाही. मीही तुझ्यासारखाच स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. तुला चोविसाव्या वर्षी कळलं, मला सेहेचाळिसाव्या. अठराव्या वर्षी पहिली विडी पेटवली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी शेवटची सिगारेट विझवली.

माझी आई विड्या वळायची. पूर्व भागातल्या आमच्या बोळात घरोघरी तेच काम चालायचं. मांडीवर सूप, भिजवलेला तेंदूपत्ता, कात्री, तंबाखू, दोरा, आणि हिशेब हजार विड्यांचा. शाळेतून आलो की मी तिच्याजवळ बसून दोरा बांधून द्यायचो. बाहेर भांडण चालू असो नाहीतर लाऊडस्पीकर, पान घे, चिमूट भर, वळ, दुमड, बांध, ह्या फेऱ्यात माझं डोकं निवायचं. पुढे तीच विडी ओढायला लागलो तेव्हा वाटलं, हा निवांतपणा तंबाखूतून येतो. तो हातांच्या त्या फेऱ्यातून येत होता हे कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं. तंबाखूच्या धुळीतून आईला मिळाला तो खोकला.

आता तुझी दुपार बघ. खोलीत तीन फोन, ट्यूबलाइटची घूं घूं, कुणाच्या तरी डब्याचा वास. साडेअकराला तू उठतोस आणि टपरीमागच्या लिंबाखाली जातोस. तिथे डोळ्यांवर दिवा नाही. हातात धरायला काहीतरी असतं. लांब श्वास आत जातो आणि सावकाश बाहेर येतो. सात मिनिटांनी ती संपते, आणि संपत आलेली डोळ्यांना दिसते. आपल्यासारख्याला ह्याचं मोल फार असतं. कुणी भेटलंच तर "माचिस आहे का?" एवढ्यावर बोलणं भागतं. मुख्य म्हणजे कुणी जाब विचारत नाही. "सिगारेट मारून येतो" म्हटलं की आपल्याकडे सगळे मान डोलावतात. "डोकं भणभणलंय, जरा एकटा बसतो" म्हणून बघ, लगेच चौकशी सुरू. सिगारेट ही तुझी रजाचिठ्ठी आहे. ह्या सगळ्यात धुराची गरज कुठे लागली, सांग की.

निकोटीन काहीच करत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं बोललो तर तू माझं पुढचं ऐकणार नाहीस. धूर ओढल्यावर दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं, लक्ष जरा एकवटतं. स्वमग्न माणसांच्या मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) काही भागांत कमी सापडल्याचं संशोधन आहे, आणि निकोटीनच्या पट्टीने चिडचिड कमी होते का हे छोट्या चाचण्यांत तपासलंही गेलंय. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की स्वमग्न प्रौढांमध्ये एकूण व्यसनं कमीच असतात, पण स्वतःचं वागणं आवरायला, मन सावरायला नशेचा आधार घेतल्याचं ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. म्हणजे तू एकटा नाहीस, आणि तुला जे वाटतं ते मनाचे खेळही नाहीत.

पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय झालेली असते, ते उतरलं की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ते शमवते आणि तू म्हणतोस, बघा, हिच्यामुळे शांत झालो. मी आयुष्यभर हिशेब लिहिलेत म्हणून त्याच भाषेत सांगतो: तू उसन्यावर उसनं घेऊन व्याज भागवतोयस. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. ते अभ्यास खास स्वमग्नांवरचे नव्हते, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. सोडून दोनेक महिने झाल्यावर माझी सकाळ पहिल्यांदा तगमगीशिवाय सुरू झाली.

आता माझी चूक. तेव्हा मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाला होतो. मागांच्या खडखडाटाचा मला कधी त्रास झाला नाही, तो एका लयीत असतो. त्रास व्हायचा ऑफिसातल्या बोलण्याचा. ऐन मार्चअखेरीला, बायकोशी शब्द झाला म्हणून, मी पाकीट कचऱ्यात टाकलं. तयारी शून्य. तिसऱ्या दिवशी प्रत्येक आवाज दुप्पट लागायला लागला. कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला आणि मी खातेवही भिंतीवर फेकली, ओरडलो, मग टेबलाखाली कान दाबून बसलो. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "नाटकं बंद करा." त्या संध्याकाळी दोन पाकिटं घेतली आणि पुढची कित्येक वर्षं, आपल्याच्याने हे होणार नाही, असं धरून चाललो. तंबाखू सोडल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी मी तो आठवडा निवडला नसता.

म्हणून तू पहिल्या महिन्यात एकही सिगारेट कमी करू नकोस. फक्त मोज. प्रत्येक सिगारेटीआधी वहीत एक शब्द लिही: आवाज, माणसं, भूक, बदल, सवय. आपल्यातल्या बऱ्याच जणांना भूक-तहान लवकर उमगत नाही. माझ्या वहीत दुपारच्या तलफेपुढे "भूक" इतक्यांदा निघाली की मी चकित झालो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर निम्मी तगमग तहानेची असते.

त्याच महिन्यात बाहेर जायची परवानगी सिगारेटीपासून वेगळी कर. तुझ्या साहेबांना एक कागद लिहून दे. तोंडी सांगायची गरज नाही, तुला ते जमतही नाही. कागदावर एवढंच: "मला मोठ्या आवाजाचा त्रास होतो. दिवसातून चार वेळा सात मिनिटं मी बाहेर जाईन. काम वेळेत पूर्ण होईल." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण तो पहिल्याच दिवशी पुढे करू नकोस. आधी कागद. मग त्याच लिंबाखाली, त्याच वेळेला जा, चारपैकी एका खेपेला सिगारेट न घेता. फोमचे बोळे कानात घाल. पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ ने, सावकाश ओढून पी, श्वास लांब सोड. हाताला काम हवं. माझ्या खिशात आजही जुन्या चादरीच्या दशांचा तुकडा असतो, त्याला मी गाठी मारतो आणि सोडवतो. दातांना काहीतरी कडक लागत असेल तर कडक भाकरीचे तुकडे डब्यात ठेव. माझं त्याने फार भागलं.

एक ताकीद. ह्याऐवजी मावा सुरू करू नकोस. टपरीवर पहिला सल्ला तोच मिळेल. तंबाखू तोंडातून गेली तरी तंबाखूच, आणि सुपारीने तोंड उघडायचं बंद झालेली माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिलीत. विडी हलकी असते हेही खोटं. ती विझू नये म्हणून जास्त जोराने, जास्त वेळा ओढावी लागते. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९पासून बंदी आहे, कुणी चोरून दिली तरी घेऊ नकोस.

निकोटीनचा गम किंवा पट्टी घ्यायला लाजू नकोस, पण डॉक्टरांना विचारून घे. गमची चव तिखट, झोंबरी असते. मला पहिल्या दिवशी थुंकावा लागला. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो. चार-पाचदा चावायचा, झोंबला की गालात दाबून ठेवायचा, आणि आधीची पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही. पट्टीचा चिकटपणा, खाज तुला सोसेल का, हे सुट्टीच्या दिवशी घरी बघ. फोन करणं जमलं तर प्रत्येक पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे. नाही जमलं तर बहिणीला शेजारी बसवून तिला बोलू दे, त्यात कमीपणा नाही.

आणि चहा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निपटून टाकतं. धूर थांबला की तेच कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. तू दिवसाला सहा कप पितोस. सोडल्यावर तेच सहा कप कितीतरी जड जातील, छाती धडधडेल, झोप उडेल, आणि तुला वाटेल की सिगारेटीवाचून जमत नाही. म्हणून त्या आठवड्यात तीनच कप घे. मनाच्या काही गोळ्यांचंही असंच होतं, त्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. तू रात्रीची जी गोळी घेतोस तिचं नाव मला माहीत नाही. सोडायची तारीख ठरवण्याआधी ती तारीख डॉक्टरांना सांग.

तारीख जानेवारीत नको. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, भोंगे, पाळणे, घरी पाहुणे, आणि तू देवळापासून हाकेच्या अंतरावर राहतोस. मार्चअखेरही नको. फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार बघ. म्हणजे तिसरा दिवस रविवारी येईल आणि तुला खोलीचं दार लावून पडून राहता येईल. आईला आधी सांगून ठेव, त्या दिवशी मिक्सर लावू नका म्हणावं. वही उद्याच घे, चौकटीची.

तुझा,
काका