‘ग्ली’मध्ये फिनचा मृत्यू नेमका कशाने होतो?

फिन कशाने गेला, हे ‘ग्ली’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत सांगितलेलंच नाही, आणि ते मुद्दाम. पाचव्या सीझनचा तिसरा भाग, ‘द क्वार्टरबॅक’ (१० ऑक्टोबर २०१३), पुन्हा पाहा: सुरुवातीलाच त्याचा सावत्र भाऊ कर्ट म्हणतो की तो कसा गेला यापेक्षा कसा जगला हे मला महत्त्वाचं वाटतं. मग उरतं ते मागे राहिलेल्यांचं दुःख. मुलाची खोली आवरताना कोसळणारी आई, शेवटी त्याचं जॅकेट उराशी धरून रडणारे शुस्टर सर. ते बघवत नाही. फिन साकारणारा कोरी मॉन्टीथ जुलै २०१३मध्ये हेरॉइन आणि दारूच्या एकत्रित परिणामाने गेला. पण ते कारण फिनला चिकटवू नका, कथेत तसं कुठेही नाही.